गप्पींचा गोतावळा

नाव गप्पी, पण जन्मभर तोंडातून शब्द नाही! हा चिमुकला मासा घरात आला, की गप्पा मात्र घरची माणसेच करू लागतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्रे पाळणे कठीण. पण स्टुलावर २५-३० लिटरची काचेची टाकी सहज मावते आणि मुलांची हौस भागते.

नावाची हकिकत गमतीची आहे. रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थांनी त्रिनिदाद बेटातून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले. तेथील शास्त्रज्ञ गुंथर यांनी १८६६ साली माशाला त्यांचे नाव दिले. वास्तविक जर्मन शास्त्रज्ञ पीटर्स यांनी १८५९ सालीच त्याचे वर्णन केले होते. म्हणून शास्त्रात पीटर्स यांचे नाव टिकले, लोकांच्या तोंडी गप्पी!

लेकुरवाळी मादी

गप्पीची मादी अंडी घालीत नाही. चांगली पोहती पिल्लेच तिला होतात. नर लहान, पण रंगीत शेपटीचा. मादी मोठी आणि साधी. एका नराला दोन-तीन माद्या असाव्यात, म्हणजे त्याचा ससेमिरा एकीच्याच मागे लागत नाही. मादीच्या पोटाखाली मागील बाजूस काळसर डाग असतो. तो गडद झाला व पोट चौकोनी दिसू लागले, की दिवस भरले म्हणून समजावे. सुमारे चार आठवड्यांनी बाळंतपण होते. पहिलटकरणीला थोडी, तर मोठ्या मादीला तीस-चाळीस पिल्लेही होतात. एकदा नराचा संग झाला, की पुढील कित्येक महिने तो नसतानाही तिला पुन्हा पुन्हा पिल्ले होऊ शकतात.

पाणी २४ ते २८ अंश सेल्सियस असले, की गप्पी खूश. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून मगच वापरावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

पिल्लांना भय परक्याचे नव्हे, आईबापांचेच! भूक लागली की ती पोटच्या पिल्लांनाही गिळतात. टाकीत दाट पाणवनस्पती असाव्यात, किंवा पिल्ले दिसताच ती निराळ्या बरणीत काढावीत. बारीक कुटलेले खाद्य, कधी उकडलेल्या अंड्याच्या बलकाची चिमूट, दिवसातून तीन-चार वेळा द्यावी. उरलेले अन्न पाणी नासवते, हे विसरू नये.

निवड आपल्या हाती

त्रिनिदादच्या ओढ्यांत शास्त्रज्ञ जॉन एंडलर यांना एक मौज आढळली. जेथे गप्पीला खाणारे मासे पुष्कळ, तेथे नर फिके. जेथे ते थोडे, तेथे नर भडक. १९७६ साली त्यांनी धोक्याच्या जागेतील गप्पी सुरक्षित ओढ्यात सोडले, तेव्हा थोड्याच पिढ्यांत त्यांच्यावर रंग चढला. घरच्या टाकीत शत्रूच नाही. तेथे निवड करणारे आपण. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच नरांचा पोटाखालचा मागील पर टोकदार होऊ लागतो. तेव्हाच नर-माद्या वेगळ्या कराव्यात. नाहीतर भावंडांतच संसार थाटले जातात आणि वंश दुबळा होतो. जोडी सुदृढ, सरळ पाठीची निवडावी आणि अधूनमधून दुसऱ्या घरचा नर आणावा.

मात्र खरा प्रश्न पुढचा. तीन माद्यांचे कुटुंब वर्षभरात शेकड्यांवर जाते. टाकी तेवढीच! मग एखाद्याला वाटते, "सोडून देऊ नदीत, डास तरी खातील." डासांच्या अळ्या हे मासे खातात, हे खरे; म्हणूनच आपल्या देशात ते विसाव्या शतकाच्या आरंभापासून विहिरी-टाक्यांत सोडले गेले. पण नदी-ओढ्यात ते स्थानिक माशांच्या घासात वाटेकरी होतात, त्यांची अंडी-पिल्लेही खातात. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात अन्यत्र न आढळणारे मासे राहतात. त्यांचे नुकसान कोण भरून देणार? जास्तीचे मासे मित्रांना द्यावेत, दुकानदाराला द्यावेत, पण वाहत्या पाण्यात सोडू नयेत.

एवढी दगदग नको असेल, तर उपाय सोपा: चार-पाच नरच पाळावेत. रंग तेवढेच मिळतात आणि पाळणा हलत नाही. पिल्ले हवीच असतील, तर आधी ती कोणाच्या घरी जातील ते ठरवावे, आणि मगच मादी आणावी.