ऐनवेळीं मिळालेली जागा

महाविद्यालयीन प्रवेशाच्या अखेरच्या फेरींत अकस्मात् जागा मिळाली, घाईनें शुल्क भरलें आणि दुसऱ्याच दिवशीं मुलाचें मन कचरूं लागलें, तर वडील मंडळींनीं त्यास भित्रा म्हणूं नये, कारण शोधावें. परक्या गांवाचें भय बहुधा महिन्याभरांत ओसरतें. विषयाची नावड मात्र वर्षागणिक वाढते. पण निर्णय लांबवूं नये. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं ठरविलें कीं, प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत जागा सोडल्यास ८० टक्के शुल्क परत मिळावें, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढें कांहींच नाहीं; मूळ प्रमाणपत्रेंही संस्थेनें अडकवूं नयेत. मुदतींत सोडलेली जागा दुसऱ्या एखाद्याच्या कामीं येते. भिडेखातर धरून ठेवलेली दोघांचेंही वर्ष घेते.