पिंपरीचे पेनिसिलीन आणि धोरणविद्या

प्रयोगशाळेत सिद्ध झालेले औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी त्यास कायदा, परवाना, अंदाजपत्रकातील तरतूद आणि किंमत अशा अनेक दरवाजांतून जावे लागते. या मार्गाचा साक्षेपाने अभ्यास करून सरकारदरबारी लोकहिताची बाजू पुराव्यानिशी मांडावयास शिकविणारी पदव्युत्तर विद्याशाखा म्हणजे जैववैद्यकीय विज्ञानधोरण.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना हा तिचा आपल्या अंगणातील धडा होय. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या साहिबसिंग सोखी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी औषधनिर्मितीचा आग्रह धरला, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य व युनिसेफने यंत्रसामग्री दिली, आणि १९५४ साली कंपनी स्थापन होऊन पुढील वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. जंतुशास्त्राइतकेच हे मुत्सद्देगिरीचे यश होते, असे मला निःसंशय वाटते.

पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर मक्तेदारी मान्य केली. त्यामुळे तेच औषध निराळ्या रीतीने, स्वस्तात बनविणे भारतीय कारखान्यांना शक्य झाले. जागतिक व्यापार कराराच्या अंमलबजावणीसाठी २००५ पासून ही सवलत संपली. मात्र पेटंटधारकाच्या संमतीविनाही इतरांना उत्पादनाची मुभा देणाऱ्या सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम राहिली.

या विद्याशाखेशी जवळचे नाते असलेले सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मिळते. पिंपरी-चाकण परिसरातील औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांनी नोकरीचा अर्ज करण्यापूर्वी या वाटेचाही गंभीरपणे विचार करावा.