प्लास्टिकवरील धातूचा मुलामा

मोटारीच्या तोंडावरची चकचकीत जाळी पोलादी असावी, असा समज होणें साहजिक आहे. वस्तुतः पुष्कळदां ती प्लास्टिकची असून तिच्यावर धातूचें पातळ आवरण असतें. १९८५ सालीं वाळूजला दुचाकींचा व २००१ सालीं शेंद्र्याला मोटारींचा कारखाना आल्यापासून आम्हां छत्रपति संभाजीनगरकरांस हा विषय परका राहिलेला नाहीं.

तांब्याच्या भांड्यास कल्हई लावतांना धातूला धातु सहज धरतो. प्लास्टिकमधून तर वीजहि वाहत नाहीं. मग त्यावर विजेनें मुलामा चढावा कसा? युक्ति मोठी गमतीची आहे. ए.बी.एस. नामक प्लास्टिकांत रबरासारखे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. क्रोमिक अम्ल व गंधकाम्ल यांच्या कढत मिश्रणांत तें बुडविलें, म्हणजे पृष्ठभागावरचे हे कण खाल्ले जाऊन असंख्य खळगे पडतात. त्यांत पॅलेडियमचे कण बसवितात. त्यांच्या आधारानें विजेवांचूनच निकेलचा पहिला थर धरतो. आतां वीज वाहूं लागते. मग तांबें, पुन्हां निकेल, आणि शेवटीं क्रोमियम. हा शेवटचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ!

क्रोमियम हें नांव 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें, तें त्याच्या क्षारांच्या नानाविध रंगांमुळें. षट्संयुजी क्रोमियमच्या द्रावणांतून निळसर झळाळी मिळते. त्रिसंयुजीपासून हल्लीं लोकप्रिय झालेल्या धुरकट, काळसर छटा आणतां येतात.

पैकीं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. गाडीवर बसलेला मुलामा निरुपद्रवी. जीवाचा धोका आहे तो हौदाशीं उभें राहून त्याचे तुषार श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराला. युरोपीय संघानें २१ सप्टेंबर २०१७ नंतर त्याचा असा वापर परवान्यावांचून निषिद्ध केला. शेवटचा थर त्रिसंयुजी आहे, एवढ्यावरून सारें काम निर्मळ झालें असें मात्र कोणीं समजूं नये. आरंभीं खळगे पाडणारें क्रोमिक अम्ल षट्संयुजीच असतें! त्याच्या जागीं परमँगनेट वापरण्याची रीत निघाली आहे. ती सर्वत्र रुळावी असें आम्हांस मनापासून वाटतें.

धुवणाच्या पाण्यांतील षट्संयुजी क्रोमियम आधीं त्रिसंयुजी करून, मग चुन्यानें गाळाच्या रूपानें खालीं बसवावें लागतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंतच क्रोमियम भारतीय मानकास मान्य आहे. त्याच्या दुप्पट झालें तरी विहिरीचें पाणी डोळ्यांस स्वच्छच दिसतें.