बर्डीची टेकडी : आधी लढाई, मग किल्ला

सीताबर्डीची लढाई कुठे झाली, असे नागपूरच्या वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘किल्ल्यावर’ असे सांगतील. पण २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाईला तोंड लागले तेव्हा तेथे किल्ला नव्हताच. होत्या फक्त दोन उघड्या टेकड्या, एक मोठी व एक लहान. मग इंग्रजांनी हीच जागा का धरली?

उत्तरासाठी खूप मागे जावे लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचले. त्यांचा काळा बेसॉल्ट खडक नागपूरच्या पश्चिमेला आढळतो. पूर्वेला मात्र त्याहून कितीतरी जुना ग्नाइस आहे. म्हणजे शहर या लाव्हाच्या काठावरच वसले आहे. ऊनपावसाने काठ झिजत गेला आणि बर्डीची टेकडी शिल्लक राहिली. उंची फार नाही, पण पूर्वेचे शहर व सभोवतालचे मैदान तिच्यावरून दिसते.

इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याची रेसिडेन्सी टेकडीजवळच होती. लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखालील सुमारे १,४०० सैनिक टेकड्यांवर चढले. आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्यांच्या दहापटीहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी जिंकली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. इंग्रजांची स्थिती बिकट झाली. इतक्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात चढाई केली. ते पाहून टेकडीवरील सैनिकांना धीर आला, त्यांनी लहान टेकडी परत घेतली आणि लढाईचे पारडे फिरले.

किल्ला बांधला गेला तो या विजयानंतर. जिंकलेल्या शहरावर नजर ठेवणे हे त्याचे काम होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५७ मध्ये उठावाचा बेत फसल्यावर काहींना याच किल्ल्यावर फाशी देण्यात आली. आज किल्ला भारतीय सेनेच्या ताब्यात आहे आणि ठरावीक दिवशीच लोकांना आत जाता येते.

वर्गात हे समजावण्यासाठी पटांगणात मातीचे दोन ढीग करा, एक मोठा व त्याच्याजवळ एक लहान. लहान ढिगाच्या माथ्याशी डोळा नेऊन मोठ्याकडे पाहायला सांगा. लहान ढीग हातचा गेला तर मोठ्यावर आडोसा कुठे उरतो? मग विचारा, ‘तुमच्याजवळ १,४०० माणसे असती, तर दोन्ही टेकड्यांवर ती कशी वाटली असती?’ मुलांमध्ये वाद होईल. तो होऊ द्यावा. सनावळी पाठ करताना न सुचणारा एक प्रश्न त्यातूनच निघेल: माणसांनी केलेल्या इतिहासात जमिनीचा वाटा किती?