पाटी वाचायची नाही!

‘राणीच्या बागेची सहल’ या विषयावरचे शाळकरी निबंध ज्यांनी वाचले असतील त्यांना ठाऊक आहे, की त्यांतला वाघ नेहमी रुबाबदार असतो, माकडे खोडकर असतात आणि सहल अविस्मरणीय होते. आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी असा निबंध बाग न पाहताच लिहिला आणि दहापैकी नऊ गुण मिळवले, तेव्हा आम्ही उभयता धास्तावलो.

म्हणून मागल्या रविवारी भायखळ्याला जाताना एक खेळ ठरवला. पाटी आधी वाचायची नाही; प्रत्येकाने स्वतःला दिसलेली एकेक गोष्ट सांगायची, दुसऱ्याची चालायची नाही. १८६२ पासून लोक या बागेत येताहेत. हल्ली तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. शेजारचे एक गृहस्थ पाट्या मोठ्याने वाचत मुलांना पुढे पिटाळीत होते. तासाभरात त्यांची बाग ‘झाली’.

आम्ही पाणघोड्यापाशीच अर्धा तास होतो. चिरंजीवांना पाण्यात खडक दिसला. धाकटी पुतणी म्हणाली, “काका, खडकानं कान हलवला!” मग नाकपुड्या सापडल्या, डोळे सापडले, सगळे डोक्याच्या वरच्या अंगाला. असे का, यावर बराच खल झाला. शेवटी चिरंजीव म्हणाले, “म्हणजे सगळं अंग बुडवूनही तो आपल्याला बघतोय!” मला सांगायला काही उरलेच नाही.

२०१७ साली पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले. तिथे गर्दी फार. “बाबा, बर्फ कुठाय?” हा प्रश्न मला आवडला. हे हंबोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फ लागत नाही, हे तेव्हा सांगितले. पुतणीचे मात्र तिकडे लक्षच नव्हते. प्रत्येकाच्या छातीवरचे ठिपके निराळे आहेत, हे तिने एकटीने शोधले होते. अभ्यासकही त्यांना तसेच ओळखतात म्हटल्यावर बाईसाहेब फुशारल्या.

परतताना संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती लागला. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले ते याच्यावरून. “काका, हा जोडलेला आहे!” खरेच होते. १८१४ साली त्याचे तुकडे झाले, १९१४ साली ते इथे पुन्हा जुळवले. ती सांधे मोजायला लागली. पहारेकऱ्याची शिट्टी वाजली तेव्हा हत्तीची एकच बाजू मोजून झाली होती, आणि दुसरी पाहिल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती.