वाऱ्यापासून घरापुरती वीज

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, विजेच्या तारांपासून दूर, जेकब्ज कुटुंबाचे गुराढोरांचे मोठे रान होते. घरात दिवा लागावा म्हणून तेथील भावांनी १९२० नंतरच्या दशकात पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीस जनित्र जोडून पाहिले. परंतु अनेक पात्यांची ती चक्की जोरकस असली तरी संथ. जनित्रास हवी ती गती तिच्यापासून मिळेना. तेव्हा विमान चालविण्यास शिकलेल्या मार्सेलस जेकब्ज याने विमानाच्या पंख्यासारखी तीन निमुळती पाती योजिली.

अशा पात्याचा छेद पक्ष्याच्या पंखासारखा असतो. त्यावरून वारा वाहताना एका अंगास हवेचा दाब घटतो, दुसऱ्या अंगास तो अधिक राहतो. या फरकाने पाते वेगाने फिरते. पाती ज्या तुंब्यात बसविलेली असतात तो जनित्राचा आस फिरवितो. जनित्रात चुंबक आणि तारेची वेटोळी यांच्या परस्पर फिरण्याने वीज उत्पन्न होते. मागील शेपूट चक्रास वाऱ्यासमोर धरून ठेवते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. सेकंदास ५ मीटर वेगाच्या वाऱ्यातून ३ मीटर व्यासाच्या चक्रावर सुमारे ५४० वॅट शक्ती येते. वेग १० मीटर झाला तर तीच ४,३०० वॅटांवर जाते. मात्र ती सर्व हाती लागत नाही. शंभरातील ५९ भागांहून अधिक शक्ती कोणतेही चक्र घेऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले. लहान चक्की प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी घेते.

या आठपटीच्या नियमामुळेच मनोरा हा खर्चाचा असला तरी टाळता न येणारा भाग ठरतो. घरे व झाडे वाऱ्यास मंद व विस्कळीत करतात. म्हणून चक्र त्यांच्या माथ्याहून निदान १० मीटर उंच असावे. छपरावर बसविलेली चक्की बहुधा निराशाच करते.

हाच नियम वादळात घातक ठरतो. म्हणून अनेक चक्क्यांत जोराचा वारा सुटताच चक्र बाजूस वळते; जेकब्ज यांच्या यंत्रात पात्यांचा कोनच बदलत असे. ही योजना बिघडली तर पाती मोडतात.

वारा पडला तरी दिवा तेवावा म्हणून वीज बॅटरीत साठवितात. बॅटरी भरल्यावर नियंत्रक उरलेली वीज अन्यत्र वळवितो, आणि घरातील नेहमीच्या उपकरणांसाठी इन्व्हर्टर तिला प्रत्यावर्ती रूप देतो.

१९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर अमेरिकेच्या खेड्यांत तारा पोहोचू लागल्या आणि या चक्क्यांची मागणी ओसरली. तारा जेथे पोहोचत नाहीत आणि वारा मात्र वर्षभर वाहतो, तेथे त्या आजही उपयोगी पडतात.