रक्त चढवले, जबाबदारी कुणाची?

जुलै 2002. सीमेवर सैन्य तैनात करणाऱ्या ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात हवाई दलातील एका जवानाला सांबा येथील लष्करी रुग्णालयात एक पिशवी रक्त चढवले गेले. 2014मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचे निदान झाले. संसर्ग त्या रक्तातूनच झाला, ही त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 26 सप्टेंबर 2023 रोजी हवाई दल आणि लष्कर या दोघांनाही जबाबदार धरले आणि सुमारे 1 कोटी 54 लाख रुपयांची भरपाई मंजूर केली.

खरा प्रश्न पुराव्याचा होता. रक्त तपासताना नेमकी चूक कुणाकडून झाली, हे खाटेवरच्या रुग्णाने कसे सिद्ध करायचे? न्यायालयाने ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लावले; काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर आला. तो तिथेच असायला हवा.

अमेरिकेत वाट वेगळी. रक्त देणे ही विक्री नव्हे, सेवा आहे, असे न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1954मध्ये ठरवले. पुढे बहुतेक राज्यांनी तसे कायदेच केले. म्हणजे तिथे चूक सिद्ध करण्याचा भार रुग्णावरच राहतो.

पुरावा हाती असावा म्हणून, रक्त चढवले असेल, तर पिशवीचा क्रमांक आणि रक्तपेढीचे नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तो कागद जपून ठेवा.